फ्रीजचा गॅस, जगाचा करार आणि आपली मुले



एका भगिनीचे पत्र समोर आहे. त्यांचा धाकटा मुलगा आयटीआयमध्ये फ्रीज-एसी दुरुस्तीचा ट्रेड शिकतो. त्याच्या वहीत ‘मॉन्ट्रियल करार’ नावाचा धडा आहे. परीक्षेला प्रश्न येतो म्हणून तो सन आणि नावे घोकतो. पण “म्हणजे काय रे?” असे आईने विचारले की गप्प बसतो. ताई लिहितात, ‘परदेशात मोठमोठ्या लोकांनी बसून केलेला करार. त्याचा आमच्या पोराच्या पान्या-पकडीशी काय संबंध?’

ताई, हा प्रश्न तुमच्या एकटीचा नाही. ‘आंतरराष्ट्रीय करार’ हे शब्द दिसले की पुष्कळ घरांत पेपरचे पान उलटले जाते. ते साहेबलोकांचे काम, आपल्याला त्यातले काय कळणार, असे वाटते. पण कराराचा कागद दूर देशात लिहिला गेला तरी त्याचा भार शेवटी कोणाच्या तरी खांद्यावर उतरतो, आणि तो खांदा बहुतेक वेळा कष्टकऱ्याचाच असतो. म्हणून आज हा एकच करार आपण नीट उलगडून पाहू. पर्यावरण वाचवण्यासाठी जगात जे करार झाले, त्यांत हा सर्वांत यशस्वी मानला जातो. तो का यशस्वी झाला, हे ज्याला कळले त्याला पुढचे सगळे करार पारखता येतील.

‘निर्धोक’ गॅसची गोष्ट

फ्रीजच्या नळ्यांतून एक वायू फिरत असतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तेव्हा तो तापतो. मागच्या जाळीत उष्णता टाकून त्याचा द्रव होतो. पुढे दाब कमी झाला की त्या द्रवाचा पुन्हा वायू होतो आणि तसे होताना तो आतली उष्णता ओढून घेतो. दवाखान्यात सुई देण्याआधी दंडाला स्पिरिट लावतात तेव्हा गार वाटते ना? कारण तेच. स्पिरिट उडून जाताना अंगाची उष्णता घेऊन जाते.

शंभर वर्षांपूर्वीच्या फ्रीजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असे वायू भरत. नळी फुटली की घरातल्या माणसांच्या जिवावर बेते. १९२८ साली अमेरिकेत टॉमस मिज्ली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी क्लोरीन, फ्लोरीन व कार्बन यांचा एक नवा वायू काढला. त्याचे नाव क्लोरोफ्लुरोकार्बन, थोडक्यात सीएफसी. बाजारात तो ‘फ्रीऑन’ म्हणून आला. पेट घेत नाही, विषारी नाही, नळीला खात नाही. जगाला वाटले, याहून चांगला गॅस तो कोणता?

मग तो सगळीकडे शिरला. फ्रीजमध्ये, एसीमध्ये, गाद्यांच्या फोममध्ये, सुगंधी फवाऱ्याच्या डब्यात, दम्याच्या पंपात. त्याच घराण्यातला हॅलॉन आग विझवण्याच्या नळकांड्यात गेला. कार्बन टेट्राक्लोराइड कपड्यांवरचे डाग काढायला आणि कारखान्यात धातूचे भाग धुवायला वापरले जाऊ लागले.

१९७४ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील मारियो मोलिना आणि शेरवूड रोलंड या दोन शास्त्रज्ञांनी एक साधा प्रश्न विचारला. हा गॅस पाण्यात विरघळत नाही, मोडत नाही, तर मग तो जातो कुठे? उत्तर भीतीदायक होते. तो हळूहळू वर चढतो. जमिनीपासून पंधरा ते पस्तीस किलोमीटर उंचीवर ओझोन नावाच्या वायूचा थर आहे. सूर्याचे घातक अतिनील किरण हा थर अडवतो. हा सगळा ओझोन जमिनीवर आणून पसरला तर त्याची जाडी भरेल जेमतेम तीन मिलिमीटर! एवढे पातळ पांघरूण अंगावर घेऊन पृथ्वी जगते आहे. सीएफसी त्या उंचीवर गेला की कडक किरणांनी मोडतो, त्यातून क्लोरीन सुटतो, आणि क्लोरीनचा एक अणू ओझोनचे लाखभर रेणू मोडू शकतो.

कंपन्यांनी हे मानले नाही. पुरावा द्या, म्हणाल्या. पुरावा मिळायला अकरा वर्षे लागली. १९८५ साली जो फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँक्लिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दक्षिण ध्रुवाकडच्या हॅली बे या ठाण्यावरची मोजमापे प्रसिद्ध केली. तिथल्या वसंत ऋतूत ओझोन एक तृतीयांशाहून अधिक घटलेला होता. पांघरुणाला भोक पडले होते. मोलिना आणि रोलंड यांना पॉल क्रुट्झेन यांच्याबरोबर १९९५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

करार झाला, भारताने सही केली नाही

अतिनील किरण वाढले तर मोतीबिंदू वाढतो, त्वचेचा कर्करोग वाढतो, पिकांना आणि समुद्रातल्या सूक्ष्म जीवांना इजा होते. म्हणून हालचाल सुरू झाली. १९८५ च्या मार्चमध्ये व्हिएन्ना येथे पहिला समझोता झाला. १६ सप्टेंबर १९८७ रोजी कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात २४ देशांनी करारावर सह्या केल्या. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचे प्रमुख, इजिप्तचे मुस्तफा तोल्बा, यांची यामागे मोठी मेहनत होती. सीएफसीचा वापर टप्प्याटप्प्याने निम्म्यावर आणायचा, असे ठरले.

भारताने तेव्हा सही केली नाही. चीननेही केली नाही. वरवर पाहता हे चुकीचे वाटेल. आकाश वाचवायचे आणि आपण मागे? पण त्यामागचा हिशेब पाहा.

त्या काळात जगातला चार-पंचमांशाहून जास्त सीएफसी श्रीमंत देश वापरत होते. भारतात दर माणशी वर्षाला दहा ग्रॅमसुद्धा वापर नव्हता. आपल्याकडे फ्रीज तेव्हा लग्नात मिरवायची वस्तू होती. पुष्कळ वस्त्यांत तो एखाद्याच घरी असे आणि शेजारची मुले बर्फ मागायला जात. ज्यांनी पन्नास वर्षे गार पाणी प्यायले, गार मोटारीतून फिरले, त्यांनी भोक पाडले. आणि आता ज्याच्या घरी माठ आहे त्याला सांगतात, बाबा, तू हा गॅस वापरू नकोस. मग कोणता वापरू? तो आम्ही शोधला आहे, आमच्याकडून विकत घे!

यातली मेख इथेच आहे. १९८८ साली जगातल्या सर्वांत मोठ्या सीएफसी उत्पादक कंपनीने, ड्यु पाँटने, हा गॅस बंद करण्याची घोषणा केली. पर्यायी गॅसवर मोठ्या कंपन्यांचे काम आधीच चालू होते आणि त्याचे पेटंट त्या घेत होत्या. जुना गॅस बंद झाला की नव्याला सगळे जग गिऱ्हाईक मिळणार होते. मॉन्ट्रियलच्या कागदात गरीब देशांना दहा वर्षांची सवलत होती खरी. पण नवे यंत्र घ्यायला पैसा कोण देणार, नवी विद्या कोण देणार, याचे ठाम उत्तर त्यात नव्हते.

भारत आणि चीन म्हणाले, बंधन मान्य. पण बंधनाबरोबर साधन द्या.

लंडनमध्ये काय मिळाले

जून १९९० मध्ये लंडनला बैठक झाली. भारताच्या पर्यावरण मंत्री मनेका गांधी तिथे होत्या. तंत्रज्ञान मिळाल्याशिवाय सही नाही, ही भूमिका भारताने लावून धरली. वेगळा निधी काढायला अमेरिका आधी तयार नव्हती. पण भारत-चीनसारखे मोठे देश बाहेर राहिले आणि उद्या त्यांच्या कोट्यवधी घरांत जुन्या गॅसचे फ्रीज गेले, तर श्रीमंतांनी बंद केल्याचा काहीच उपयोग नव्हता. आकाशाला सरहद्द नसते. या एका गोष्टीने दुबळ्याच्या शब्दाला वजन आले.

लंडनमध्ये तीन गोष्टी पदरात पडल्या.

पहिली, पैसा. बहुपक्षीय निधी नावाचा वेगळा निधी निघाला. पहिल्या तीन वर्षांसाठी १६ कोटी डॉलर, आणि चीन व भारत आले तर २४ कोटी डॉलर, असे ठरले. श्रीमंत देशांनी भरायचे आणि गरीब देशांनी कारखाने बदलण्यासाठी वापरायचे. हे कर्ज नव्हते, हे लक्षात ठेवा. स्थापनेपासून आजवर या निधीत चार अब्ज डॉलरहून अधिक रक्कम आली.

दुसरी, तंत्रज्ञान. नवी विद्या गरीब देशांना रास्त आणि जास्तीत जास्त अनुकूल अटींवर द्यावी, असे कलम करारात घातले गेले. त्याच्याही पुढे जाऊन असे मान्य झाले की, गरीब देश आपली जबाबदारी कितपत पार पाडू शकतील, हे त्यांना पैसा आणि तंत्रज्ञान प्रत्यक्षात किती मिळते यावर अवलंबून राहील. म्हणजे कर्तव्याला हक्काची जोड मिळाली.

तिसरी गोष्ट माझ्या मते सर्वांत मोठी, आणि तीच फार कमी सांगितली जाते. निधीचा कारभार पाहणाऱ्या समितीत चौदा देश असतात. सात श्रीमंत गटाचे, सात विकसनशील गटाचे. मतदानाची वेळ आली तर दोन-तृतीयांश मते तर हवीतच, शिवाय दोन्ही गटांत वेगवेगळे बहुमत हवे. अध्यक्षपदही आळीपाळीने दोन्ही गटांकडे जाते. ज्याने पैसे घातले त्याचाच शब्द अखेरचा, ही सावकारी रीत इथे मोडली. देणारा आणि घेणारा एका पंगतीत बसले.

त्यानंतर भारताने १९९१ मध्ये व्हिएन्ना समझोता आणि १९९२ मध्ये मॉन्ट्रियल करार स्वीकारला. दिल्लीत पर्यावरण खात्यात ‘ओझोन सेल’ उघडला. २००० साली नियम झाले. १ ऑगस्ट २००८ पासून भारताने सीएफसी बनवणे आणि वापरणे बंद केले, ते ठरलेल्या मुदतीच्या सतरा महिने आधी. फक्त दम्याच्या पंपापुरती सवलत ठेवली. श्वास घेण्यासाठी ज्याला पंप लागतो त्याचा पंप एका रात्रीत कसा बंद करणार? पुढच्या काही वर्षांत पंपही नव्या वायूवर गेले.

२००९ मध्ये जगातल्या सर्व देशांनी स्वीकारलेला संयुक्त राष्ट्रांचा पहिला करार असा मान याला मिळाला. ओझोन खाणाऱ्या रसायनांपैकी जवळजवळ ९९ टक्के बंद झाली. शास्त्रज्ञांच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगाच्या बहुतेक भागावरचा ओझोन २०४० च्या सुमारास आणि दक्षिण ध्रुवावरचा २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल. मध्येच २०१८ साली शास्त्रज्ञांना हवेत बंदी घातलेला गॅस पुन्हा वाढताना दिसला. शोध घेतला तर त्याचा मोठा भाग पूर्व चीनमधून येत होता. बोभाटा झाला, कारवाई झाली आणि तो पुन्हा घटला. सही घेतली म्हणून पहारा उठवून चालत नाही.

विद्या कोणाच्या मालकीची?

आता दुसरी बाजू. कागदावर रास्त अटींचे कलम आले, पण पेटंट सरकारांच्या हाती नव्हते, खासगी कंपन्यांच्या हाती होते. फ्रीजच्या जुन्या गॅसला पर्याय म्हणून एचएफसी-१३४ए आला. भारतीय कंपन्यांनी तो बनवण्याची पद्धत विकत मागितली, तेव्हा कुठे भरमसाट किंमत सांगितली गेली, कुठे कारखान्यात मोठी भागीदारी मागितली गेली. करारातले कलम त्या कंपन्यांना हलवू शकले नाही. शेवटी एसआरएफ या भारतीय कंपनीने स्वतः संशोधन करून हा गॅस इथे तयार केला. दान मागण्यापेक्षा विद्या कमावणे बरे, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

याच काळात जर्मनीत एक वेगळी गोष्ट घडली. पूर्व जर्मनीतला शार्फेनस्टाइन येथील फ्रीजचा कारखाना बंद पडण्याच्या वाटेवर होता. कामगारांच्या नोकऱ्या जाणार होत्या. १९९२ साली ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेने त्या कारखान्याला हाताशी धरून एक फ्रीज बनवला. त्यात ना सीएफसी, ना १३४ए. त्यात होते प्रोपेन आणि ब्युटेन, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या गॅसचेच भाऊबंद. बड्या कंपन्यांनी ओरड केली की हा फ्रीज म्हणजे घरात बाँब. पण लोकांनी हजारोंनी आगाऊ मागणी नोंदवली. ग्रीनपीसने या पद्धतीचे पेटंट घेतले नाही. ज्याला हवे त्याने बनवावे, म्हटले. तो कारखाना पुढे फार वर्षे टिकला नाही, पण त्याची पद्धत जगभर गेली.

आपल्याकडे मुंबईच्या विक्रोळीतल्या गोदरेजने या जातीच्या गॅसचे फ्रीज आणले आणि २०१२ साली प्रोपेनवर चालणारा एसीही बाजारात आणला. आज दुकानात नवा फ्रीज घ्यायला गेलात तर मागच्या पट्टीवर बहुधा ‘आर-६००ए’ लिहिलेले दिसेल. तो आयसोब्युटेन. ज्याला बाँब म्हटले, तो आज कोट्यवधी घरांत निमूटपणे दूध-भाजी सांभाळतो आहे. फ्रीजमध्ये तो असतो पन्नास-साठ ग्रॅमच्या आसपास. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये असतो चौदा किलो दोनशे ग्रॅम गॅस.

मेकॅनिकच्या पदरात काय पडले?

भारतात सीएफसी बनवणाऱ्या कंपन्या चार होत्या. त्यांनी उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद करावे म्हणून १९९९ साली निधीतून ८ कोटी २० लाख डॉलर मंजूर झाले. ते गैर होते असे मी म्हणत नाही. कारखाना बंद करायचा तर भरपाई हवी. पण एक विचारावेसे वाटते. गॅस बदलला तेव्हा ज्याचे सगळे ज्ञान जुन्या गॅसवर उभे होते, त्या गल्लीतल्या मेकॅनिकला काय मिळाले?

हा मेकॅनिक कोण? सायकलला पिशवी अडकवून, गॅसची टाकी बांधून हिंडणारा माणूस. पुष्कळांनी शाळा अर्धवट सोडून उस्तादाच्या हाताखाली काम शिकलेले. त्यांच्यासाठी योजना आली, पण मागाहून. २००४ साली सीएफसी संपवण्याची राष्ट्रीय योजना मंजूर झाली, तीत दुरुस्ती करणाऱ्यांचा नीट विचार झाला. हजारो मेकॅनिकांना प्रशिक्षण मिळाले, काहींना अवजारे मिळाली. जुना गॅस हवेत न सोडता टाकीत परत कसा घ्यायचा, नव्या गॅसला ओलावा का चालत नाही, व्हॅक्यूम पंप का लावायचा, हे शिकवले गेले. हे काम चांगले झाले. पण जो कोणत्याच यादीत नव्हता, ज्याचे दुकान म्हणजे फुटपाथवरची पेटी, त्याच्यापर्यंत ते कितपत पोचले असेल, हे तुम्हीच तुमच्या वस्तीत विचारून पाहा.

हा प्रश्न जुना झालेला नाही. उलट तो आता जास्त तापणार आहे.

किगाली आणि पुढची वीस वर्षे

सीएफसीच्या जागी आलेले एचएफसी गॅस ओझोनला धक्का लावत नाहीत. पण ते पृथ्वी तापवतात. १३४ए हा एक किलो गॅस हवेत सुटला तर सुमारे १४०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे होते. म्हणून १५ ऑक्टोबर २०१६ रोजी रवांडा देशाच्या किगाली शहरात मॉन्ट्रियल कराराला दुरुस्ती जोडली गेली. हे गॅसही कमी करायचे. ते नीट पार पडले तर या शतकाअखेर पृथ्वीचे तापणे अर्ध्या अंशापर्यंत टळू शकेल, असा अंदाज आहे. अर्धा अंश म्हणजे काय ते ज्याला मे महिन्यात पत्र्याखाली झोपावे लागते त्याला विचारा.

भारताने २०२१ मध्ये ही दुरुस्ती स्वीकारली. आपल्याला मुदत मिळाली ती अशी: २०२८ पासून वापर ठरावीक मर्यादेच्या वर न्यायचा नाही. २०३२ मध्ये १० टक्के, २०३७ मध्ये २० टक्के, २०४२ मध्ये ३० टक्के आणि २०४७ मध्ये ८५ टक्के कपात. शिवाय जुन्या एसीतला आर-२२ हा गॅस २०३० पर्यंत संपवायचा आहे. दुरुस्तीपुरता थोडासा २०४० पर्यंत चालेल.

आता या तारखा आयटीआयमधल्या मुलाच्या वयाशी जोडून पाहा. आज अठरा वर्षांचा मुलगा २०४७ साली चाळिशीच्या आसपास असेल. त्याच्या कामाच्या सगळ्या उमेदीच्या वर्षांत गॅस बदलत राहणार. म्हणून हा धडा त्याने पाठ करण्याचा नाही, समजून घेण्याचा आहे.

आणि नवे गॅस बहुतेक पेट घेणारे आहेत. आर-३२ थोडा, आर-२९० म्हणजे प्रोपेन आणि आर-६००ए चांगलेच. बंद नळीत ते सुरक्षित असतात. धोका असतो तो दुरुस्तीच्या वेळी, म्हणजे आपल्या मुलाच्या हातात. करार झाला किगालीला, पण ठिणगी उडाली तर ती उडणार चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत. २०१९ साली केंद्र सरकारने ‘इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅन’ काढला. २०२२-२३ पर्यंत एक लाख मेकॅनिकांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र द्यायचे उद्दिष्ट त्यात लिहिले होते. ते कागद आपल्यासाठीच आहेत. ते वाचले पाहिजेत आणि मागितले पाहिजेत.

घरात आणि कामावर हे पाळा

फ्रीज किंवा एसी दुरुस्तीला देण्यापूर्वी मागची पट्टी वाचा. कोणता गॅस आहे ते मेकॅनिकला आधी सांगा. पट्टी फाडू नका.

पेट घेणाऱ्या गॅसचे काम चालू असताना खिडकी-दार उघडे ठेवा. शेगडी, उदबत्ती, दिवा विझवा. विडी-सिगारेट नको. आसपासची बटणे चालू-बंद करू नका.

स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, म्हणून गळती कळते. फ्रीजच्या गॅसला तसा वास नसतो. वास नाही म्हणजे गळती नाही, असे समजू नका. काडी पेटवून गळती तपासणे म्हणजे मरणाला बोलावणे. साबणाचा फेस लावा किंवा त्यासाठीचे यंत्र वापरा.

मेकॅनिक भावांनो, गॅस पूर्ण काढून, नळी नायट्रोजनने साफ केल्याशिवाय टॉर्च लावू नका. स्वस्त पडतो म्हणून आर-२२ च्या जुन्या एसीत प्रोपेन भरू नका. तो एसी त्यासाठी बनवलेला नसतो. सिलिंडरमधला घरगुती गॅस तर फ्रीजमध्ये कधीही भरू नका.

जुना गॅस हवेत सोडू नका. रिकव्हरी मशीन एकट्याला परवडत नसेल तर चार-पाच जणांनी मिळून घ्या, किंवा प्रशिक्षणातून मिळते का ते विचारा.

करार पारखायचे चार प्रश्न

हवामान बदलाच्या करारांच्या बातम्या दरवर्षी येतात. २००९ साली श्रीमंत देशांनी सांगितले होते की, २०२० पर्यंत गरीब देशांसाठी वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करू. त्यांच्याच हिशेबाप्रमाणे तो आकडा प्रथम २०२२ मध्ये गाठला गेला, आणि त्यातही कर्जाचा वाटा मोठा. मॉन्ट्रियलमध्ये जमले ते इथे का जमत नाही? एक कारण सरळ आहे. फ्रीजचा गॅस बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या होत्या, कोळसा आणि तेल तर सगळ्या जगाच्या चुलीत आहे. दुसरे कारण असे की, बंधन, पैसा, विद्या आणि मत या चार गोष्टी तिथे एका गाठीत बांधल्या होत्या. इथे ती गाठ सैल आहे.

म्हणून पुढे कोणत्याही कराराची बातमी वाचाल तेव्हा चार प्रश्न विचारा. नुकसान कोणी केले आणि बंधन कोणावर आले? बदलाचा खर्च कोण देणार, दान म्हणून की कर्ज म्हणून? नवी विद्या खुली आहे की पेटंटच्या कुलपात? आणि निर्णयाच्या टेबलावर दुबळ्याचे मत बलवानाच्या बरोबरीचे आहे का? मॉन्ट्रियल करार या चारही प्रश्नांना पूर्ण गुण मिळवत नाही. तिसऱ्यात तो काठावर पास आहे. पण बाकीच्यांपेक्षा तो पुढे आहे, आणि तो पुढे गेला कारण काही देशांनी वेळीच ‘अटीशिवाय सही नाही’ असे म्हटले.

देशांनी लंडनला जे मागितले तेच आता मेकॅनिकने आपल्या गावात मागायचे आहे. आयटीआयमध्ये आर-२९० आणि आर-६००ए चे प्रत्यक्ष काम शिकवतात की फक्त फळ्यावर, ते पालकांनी जाऊन विचारावे. जे मेकॅनिक शाळेबाहेर शिकले त्यांनी चार-चार जणांनी मिळून कौशल्य विकास केंद्रात प्रशिक्षणासाठी आणि प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. अर्जाची पोच घ्यावी, तारीख लिहून ठेवावी. नवा गॅस शिकण्याच्या दिवसांची मजुरी बुडते, ती भरून मिळावी, ही मागणीही त्यात लिहावी.

दरवर्षी १६ सप्टेंबरला जगात ओझोन दिन पाळतात. आपल्या वस्तीच्या अभ्यासिकेत त्या दिवशी भाषणांऐवजी एका जाणत्या मेकॅनिकला बोलवा. त्याला जुना फ्रीज उघडून दाखवायला सांगा. मुलांना नळ्या दाखवा, पट्टी वाचायला लावा आणि शेवटी वरचे चार प्रश्न फळ्यावर लिहा.